विहिरीचा उतार आणि कलनशास्त्राचा हिशेब

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला राजमाता जिजाऊंचा वाडा आहे. त्याच्या तटबंदीच्या आतल्या एका विहिरीला ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात, कारण तिच्या काठाला टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या केलेला आहे. शिवाजी महाराज इथे बसत आणि पाणी भरायला आलेल्या बायाबापड्यांची विचारपूस करत, असे परिसरात सांगितले जाते. ही कथा इतिहास म्हणून घ्यायची की लोकस्मृती म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावे. पण गावाची नाडी पाहायची तर विहिरीच्या काठावर बसावे, हे त्यातले शहाणपण आजही तितकेच खरे आहे.

महाड आणि पोलादपूर हे तालुके पावसाच्या बाबतीत श्रीमंत आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस इथे पडतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले आणि २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आणि याच डोंगररांगांतल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायकांना हंडा-कळशी घेऊन उताराच्या वाटा तुडवाव्या लागतात, टँकरची वाट पाहावी लागते.

‘एवढा पाऊस पडतो, मग पाणी जाते कुठे?’ हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्याहून उपयोगी प्रश्न आहे, ‘पाणी कोणत्या वेगाने जाते, आणि तो वेग स्वतः कसा बदलतो?’ बारावीत अनेकांना घाम फोडणारे कलनशास्त्र म्हणजे कॅल्क्युलस नेमके याच प्रश्नासाठी आहे. त्यातली सूत्रे बाजूला ठेवली तरी त्यामागचा विचार कोणत्याही ग्रामपंचायतीला वापरता येईल इतका सोपा आहे.

किती आहे आणि किती वेगाने बदलते

कलनशास्त्राच्या दोन बाजू आहेत. एखादी गोष्ट या क्षणी किती वेगाने बदलते आहे, ते सांगते ते अवकलन. आणि असे छोटे छोटे बदल एकत्र जोडून एकूण किती झाले, ते सांगते ते समाकलन. मोटारीचा वेगकाटा पहिले काम करतो, तर किलोमीटर मोजणारा आकडा दुसरे.

‘या क्षणीचा वेग’ ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ११५० सालच्या ग्रंथात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या गणिताची पद्धतशीर मांडणी केली. योगायोग असा, की रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, १७ जूनला पाचाडला जिजाऊंनी देह ठेवला, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, २९ ऑक्टोबर १६७५ रोजी, लायब्निझने आपल्या टिपणात समाकलनाचे ते लांबट वळणाचे चिन्ह पहिल्यांदा वापरले.

पाण्याच्या साठ्याला हा विचार लावला तर एकच वाक्य हाती येते. साठा बदलण्याचा वेग म्हणजे आत येणारे पाणी वजा बाहेर जाणारे पाणी. विहीर, तलाव, धरण, घरावरची टाकी, सगळ्यांना हे वाक्य लागू पडते.

पाऊस भरपूर, मुक्काम थोडा

आधी एकूण हिशेब पाहू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी ३० लाख घनमीटर, म्हणजे ३०० कोटी लिटर होते. आता ४४० माणसांची एक वाडी घेऊ. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. त्या हिशेबाने वाडीला रोज सुमारे २४,००० लिटर लागतील. गळती, भरून वाहणाऱ्या टाक्या, उघडे राहिलेले नळ हे सगळे धरून प्रत्यक्ष उपसा ३०,००० लिटर होतो असे समजू. ऑक्टोबर ते मे या २४० दिवसांत एकूण ७२ लाख लिटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर पडलेल्या पावसाचा साधारण चारशेवा हिस्सा.

वर्षाच्या बेरजेत टंचाई कुठेच दिसत नाही. ती दिसते वेगात. सह्याद्रीच्या या भागात उतार तीव्र आणि खाली बेसॉल्टचा काळा कातळ. अखंड कातळात पाणी मुरत नाही. मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात, दगडाच्या भेगांत आणि सांध्यांत. तिथे जागा थोडी असते. ती भरली की उरलेले पाणी ओढ्यांतून काळ आणि गांधारी नद्यांत, तिथून सावित्रीत आणि पुढे खाडीत जाते. डोंगरावर पडलेला थेंब समुद्राला मिळायला फार वेळ लागत नाही.

पावसाळा संपल्यावर विहिरीला येते ते या भेगांमधले पाणी. सुरुवातीला झरे जोरात असतात, मग हळूहळू मंदावतात. हा मंदावण्याचा एक ठरावीक ढंग आहे. खडकात जितके पाणी शिल्लक, साधारण त्याच प्रमाणात ते बाहेर पाझरते. शिल्लक निम्मी झाली की पाझरही निम्मा होतो. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाला किंवा रक्तातल्या औषधाच्या उतरत्या प्रमाणाला जे गणित लागते, तेच इथे लागते.

‘आजच्या वेगाने’ हा फसवा शब्द

आता एक काल्पनिक पण शक्य कोटीतले उदाहरण घेऊ. विहिरीचा व्यास सहा मीटर, भरलेली असताना पाण्याची खोली सहा मीटर. म्हणजे विहिरीत १ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. १ जानेवारीला झरे रोज ६०,००० लिटर देत आहेत आणि हा प्रवाह दर साठ दिवसांनी निम्मा होतो. उपसा रोज ३०,००० लिटर.

जानेवारी आणि फेब्रुवारीत झऱ्यांचे पाणी उपशापेक्षा जास्त आहे. रात्रीत विहीर पुन्हा भरते. वरून पाहणाऱ्याला सारे आलबेल दिसते. १ मार्चच्या सुमारास आवक आणि उपसा बरोबरीत येतात. विहीर अजून काठोकाठ आहे, आणि नेमक्या त्याच दिवशी तिचा उतार सुरू होतो. साठा सर्वांत जास्त असतो तेव्हा त्याच्या बदलाचा वेग शून्य असतो आणि तिथून चिन्ह उलटते, हे अवकलनाच्या पहिल्या धड्यातले तत्त्व इथे विहिरीत दिसते.

पुढे काय होते? ११ मार्चला पाण्याची खोली ५.४ मीटर. दहा दिवसांत ६० सेंटिमीटर गेले. कुणी म्हणेल, या वेगाने सहा मीटर पाणी शंभर दिवस पुरेल, जूनपर्यंत काळजी नाही. २१ मार्चला खोली ३.७ मीटर. या दहा दिवसांत १.७ मीटर गेले. ३१ मार्चला खोली १.१ मीटर. आणखी २.६ मीटर गेले. ३ एप्रिलला विहिरीने तळ गाठला. शंभर दिवस पुरेल असे वाटलेले पाणी तेहतीस दिवसांत संपले.

उपसा वाढला नाही, पाहुणे आले नाहीत, कुणी चोरून पंप लावला नाही. फक्त आवक घटत गेली आणि तूट रोज थोडी थोडी मोठी होत गेली. ‘परवापर्यंत तर पाणी होते, अचानक आटली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती अचानक आटलेली नसते. आपण पाण्याची पातळी पाहत होतो, उतरण्याचा वेग पाहत नव्हतो, आणि वेग वाढतो आहे हे तर मुळीच पाहत नव्हतो.

खऱ्या विहिरीत आणखी बारकावे असतात. पातळी खाली गेली की झरे थोडे जोर धरतात, शेजारच्या विंधन विहिरीचा परिणाम होतो, ऊन वाढले की वापर वाढतो. त्यामुळे तारखा मागेपुढे होतील. पण वक्राचा आकार, म्हणजे आधी संथ आणि मग झपाट्याने, हा ओळखीचा राहतो.

गळका तलाव वेगळा आटतो

याच्या उलट आकाराचा वक्र पाहायचा असेल तर पाचाडहून मान वर करून गडाकडे पाहावे. रायगडावर गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव असे अनेक जलसाठे आहेत. त्यातला हत्ती तलाव गळतीमुळे बराच काळ पाणी धरत नव्हता. रायगड विकास प्राधिकरणाच्या कामात ही गळती काढण्यात आली आणि २०२० च्या पावसाळ्यात तलावात पुन्हा पाणी साठलेले लोकांनी पाहिले.

तळाशी भोक असलेल्या टाकीचे गणित इटलीच्या टॉरिचेलीने सतराव्या शतकातच सांगितले होते. पाण्याची उंची चौपट असेल तर भोकातून येणाऱ्या धारेचा वेग दुप्पट असतो. म्हणजे गळका साठा भरलेला असताना सर्वांत जास्त गळतो आणि पाणी कमी होत जाईल तशी गळतीही मंदावते. त्याचा आलेख सुरुवातीला झपाट्याने उतरतो आणि पुढे संथ होतो. उपशाने आटणाऱ्या विहिरीच्या तो अगदी उलट.

म्हणून पातळीच्या नोंदींचा आलेख हा साठ्याचा कार्डिओग्राम समजायला हरकत नाही. आधी जोरात आणि मग हळू उतरत असेल, तर ढोबळ मानाने गळतीचा संशय घ्यावा आणि गवंडी बोलवावा. आधी हळू आणि मग जोरात उतरत असेल, तर आवक घटते आहे आणि उपसा तसाच चालू आहे. तिथे गवंड्याचे काम नाही, ग्रामसभेचे आहे. दुखणे ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो, हे औषधाइतकेच पाण्यालाही लागू आहे.

छोट्या उपायांचे मोठे दिवस

आपल्या उदाहरणातल्या वाडीकडे परत जाऊ. वाडीने गळती थांबवली आणि उपसा ३०,००० वरून गरजेइतक्या २४,००० लिटरवर आणला. कुणाच्या पिण्याच्या पाण्यातून थेंबही कापलेला नाही. आता आवक आणि उपसा बरोबरीत यायला १ मार्चऐवजी २० मार्च उजाडतो. त्यापुढचा उतारही सौम्य होतो. विहीर ३ एप्रिलऐवजी २७ एप्रिलला तळ गाठते. पाचवा हिस्सा वाचवला आणि चोवीस दिवस मिळाले.

दुसरा उपाय आवकीच्या बाजूचा. पाऊस थांबल्यावर ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालतात. वरच्या उतारावर झाडझाडोरा राखणे, समतल चर खणणे ही कामेही त्याच जातीची. त्यांनी पाऊस वाढत नाही. पाणी खडकात थोडे जास्त मुरते आणि झऱ्याची ओसर मंदावते. समजा, त्यामुळे प्रवाह निम्मा व्हायला साठऐवजी ऐंशी दिवस लागू लागले. उपसा ३०,००० लिटरच ठेवला तरी विहीर एप्रिलअखेरपर्यंत टिकते.

आणि दोन्ही उपाय एकत्र केले तर? हिशेब ३० मेपर्यंत जातो. कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे जिथे दोन महिने टँकर लागला असता, तिथे आठवडाभराची ओढाताण उरते. एकेकट्या उपायाकडे पाहिले तर ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटते. पण वेगातला छोटा फरक रोज जमा होत राहतो आणि समाकलनाच्या बेरजेत तो मोठा होतो.

अशा ताळेबंदावर चालणारे गाव महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा अंदाज मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. तिथे पाऊस महाडच्या तुलनेत अगदीच थोडा. म्हणजे पाणी पुरणे हे पावसाच्या आकड्यापेक्षा आवक-जावक कशी सांभाळली जाते त्यावर जास्त अवलंबून आहे.

तळाचे पाणी आणि पोटाचे दुखणे

हा हिशेब आरोग्याशीही थेट जोडलेला आहे. विहीर तळाला गेली की पाणी फक्त कमी होत नाही, ते गढूळही होते. गाळ, पालापाचोळा, जंतू यांचे प्रमाण उरलेल्या थोड्या पाण्यात वाढते. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांची भीती वाढते.

पाणी शुद्ध करण्यासाठी विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातला क्लोरीनही घटत्या वेगानेच संपतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा असे भारतीय मानक सांगते. समजा, सकाळी सहा वाजता हे प्रमाण ०.८ होते आणि दर सहा तासांनी ते निम्मे होते. दुपारी बाराला ०.४, संध्याकाळी सहाला ०.२, आणि रात्री मर्यादेच्या खाली. पाणी गढूळ आणि गरम असेल तर क्लोरीन आणखी लवकर खर्च होतो. फेब्रुवारीतल्या स्वच्छ, गार पाण्यात जी मात्रा दिवसभर पुरायची, ती एप्रिलमध्ये दुपारीच संपू शकते.

दुसरी गोष्ट मापाची. पावडरची मात्रा पाण्याच्या आकारमानावर ठरते. विहिरीत पाणी निम्मे झाले तर ठरलेल्या दराने पावडरही निम्मीच लागेल. पण गढूळपणामुळे दर बदलावा लागू शकतो. म्हणून अंदाजाने मूठभर टाकणे दोन्ही बाजूंनी चुकीचे. पातळी मोजून मात्रा काढावी, ओटी चाचणी करून क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहावे, आणि ही चाचणी पावडर टाकल्या टाकल्या नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळाला करावी. उन्हाळ्यात घरी पिण्याचे पाणी उकळून घेणे हा उपाय सर्वांच्या हातातला.

आकाशातली टाकी

विहिरीबाबत होते ती फसगत जगाच्या पातळीवरही होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. १९६० च्या दशकात तो वर्षाला एका भागाहूनही कमी वाढायचा. गेल्या दशकात ही वाढ वर्षाला दोनहून अधिक भागांवर गेली आहे. पातळी वाढते आहे, आणि वाढीचा वेगही वाढला आहे.

‘उत्सर्जन स्थिर ठेवले की झाले’ असे म्हणणारे इथे चुकतात. नळ मोठा सोडलेला आहे आणि मोरी लहान. नळ आणखी मोठा केला नाही, तरी टाकी भरतच राहणार. ती स्थिर करायची तर नळ मोरीच्या मापाला आणावा लागेल. विहिरीत आवक कमी पडते म्हणून ती आटते, आकाशात जावक कमी पडते म्हणून ते भरते. वाक्य तेच, फक्त चिन्ह उलटे.

एक दोरी, एक वही

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि प्रशासन ऑक्टोबर ते जून या काळाचा टंचाई आराखडा तीन टप्प्यांत करते. मोठ्या प्रदेशाचे चित्र त्यातून कळते. पण आपल्या वाडीची विहीर मार्चच्या कोणत्या आठवड्यात वळण घेईल, हे तिच्या काठावर राहणाऱ्यांनीच मोजायला हवे.

त्यासाठी लागते वजन बांधलेली, मीटरच्या गाठी मारलेली दोरी आणि एक वही. ऑक्टोबरपासून दर सोमवारी पहाटे, उपसा सुरू होण्याआधी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात पातळी. दुसऱ्यात मागच्या आठवड्यापासून ती किती उतरली. तिसऱ्यात हा उतार मागच्या आठवड्याच्या उतारापेक्षा किती वाढला. दुसरा रकाना म्हणजे पहिले अवकलन आणि तिसरा म्हणजे दुसरे. चौथी-पाचवीतली मुले वजाबाकी करून हे भरू शकतात, आणि शाळेने हे काम घेतले तर गणिताचा तास वायाही जाणार नाही.

दुसरा रकाना शून्यावरून हलला की ग्रामपंचायतीने गळती शोधायला लागावे. तिसरा रकाना सलग तीन आठवडे वाढत गेला तर टँकरची मागणी त्याच आठवड्यात नोंदवावी, विहीर कोरडी पडण्याची वाट पाहू नये. वही दोन-तीन वर्षांची झाली की आपल्या विहिरीची ओसर किती दिवसांत निम्मी होते तेही कळेल, आणि यंदा घातलेल्या वनराई बंधाऱ्याने ती खरोखर मंदावली की नाही, याचे उत्तर भाषणातून नव्हे, आकड्यांतून मिळेल.